कोणाचं काही देणं नसलेला माणूस

लंडनच्या सिटी भागात, पेढ्या आणि हुंड्यांच्या मुलखात, ‘स्क्रूज अँड मार्ले’ अशी पाटी असलेली एक जुनी पेढी होती. मालक एबेनीझर स्क्रूज. या गृहस्थावर कोणाची दमडी बाकी नव्हती. त्याच्या सहीला बाजारात मोल होतं. कर वेळच्या वेळी भरलेले. बाई नाही, बाटली नाही, पत्ते नाहीत. पेढीतून निघायचं, ठरलेल्या खाणावळीत मुकाट जेवायचं, उरलेला वेळ बँकेचं पासबुक वाचण्यात घालवायचा आणि घरी जाऊन झोपायचं. आपल्याकडे लग्न जुळवताना मुलाची जी चौकशी करतात तिच्यात हा माणूस पैकीच्या पैकी मार्क मिळवून पास झाला असता.

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या १८४३ सालच्या छोटेखानी कादंबरीचा हा नायक. जगाने त्याला कंजूष ठरवलं आणि त्याचं नाव कंजुषीला कायमचं चिकटवून टाकलं. पुढे १९४७ साली अमेरिकेत डिस्नेच्या चित्रकथांमध्ये एक श्रीमंत बदक आलं, त्यालाही बारशात हेच नाव मिळालं. आपल्याकडच्या मुलांनी ते नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलं. ते बदक निदान आपल्या नाण्यांच्या ढिगाऱ्यात सूर मारून पोहतं, मजा करतं. मूळ स्क्रूजला तेवढंही सुख नाही. तो स्वतःवरसुद्धा खर्च करत नाही. घरी जवळजवळ काळोखातच जिना चढतो, कारण काळोखाला पैसे पडत नाहीत. सर्दी झाली तर शेगडीवर पेज ठेवतो. दुसऱ्याला उपाशी ठेवून स्वतः तुपाशी खाणाऱ्यांपैकी तो नाही. लबाडही नाही. तो चोख आहे, आणि त्याचा सगळा दोष त्या चोखपणात आहे.

पाटीचंच बघा. भागीदार जेकब मार्ले मरून सात वर्षं झाली, तरी पाटीवरचं त्याचं नाव स्क्रूजने पुसलेलं नाही. नवखी गिऱ्हाइकं त्याला कधी स्क्रूज म्हणतात, कधी मार्ले. तो दोन्ही नावांना ओ देतो. भावना वगैरे काही नाही. रंगाऱ्याचा खर्च वाचतो, एवढंच आपण समजायचं. त्याच मार्लेच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा स्क्रूजने एक फायद्याचा सौदा करून दाखवला होता.

पेढीत कारकून एकच, बॉब क्रॅचिट. पगार आठवड्याला १५ शिलिंग. घरी बायको आणि सहा मुलं. बॉबच्या खोलीतली शेगडी इतकी बारीक, की तिच्यात कोळशाचा एकच तुकडा असावा असं वाटतं. कोळशाचा डबा स्क्रूजच्या खोलीत. बॉब फावडं घेऊन आत आला, की नोकरी सोडायची वेळ आली आहे असं साहेब सुचवतात. बिचारा गळपट्टा गुंडाळतो आणि मेणबत्तीवर हात शेकायचा प्रयत्न करतो. मेणबत्तीवर ऊब मिळत नाही हे त्यालाही कळतं. पण मेणबत्ती पेढीच्या कामासाठी मंजूर झालेली आहे, कोळसा झालेला नाही. नाताळच्या सुट्टीचा पगार द्यायचा म्हणजे दरवर्षी २५ डिसेंबरला खिसा कापून घ्यायचा, हे स्क्रूजचं मत. त्याच्या बाजूने पाहिलं तर मुद्दा बिनतोड आहे. काम नाही त्या दिवसाचे पैसे कसले?

कथा सुरू होते ती नाताळच्या आदल्या दिवशी. आधी येतो भाचा फ्रेड. मामाच्या मेलेल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा, हसरा, कफल्लक, नुकताच प्रेमविवाह करून बसलेला. तो मामाला जेवायला बोलावतो. मामा ‘हंबग’ म्हणतो. थोतांड. स्क्रूजच्या शब्दकोशात हा शब्द सर्व प्रसंगी चालतो. फ्रेड चिडत नाही, हेच स्क्रूजला सहन होत नाही. भांडायला आलेल्याला उत्तर देता येतं. जेवायला बोलावणाऱ्याला काय द्यायचं?

मग येतात वर्गणीवाले. दोन सुखवस्तू, गोलमटोल गृहस्थ, हातात यादी. गोरगरिबांना सणापुरतं खायला, प्यायला आणि थोडी ऊब द्यायची आहे, आपला आकडा काय लिहू? स्क्रूज चौकशी करतो, की तुरुंग बंद पडलेत का? वर्कहाऊस चालू आहेत ना? गरिबांचा कायदा अजून अमलात आहे ना? आहे म्हटल्यावर तो हात झटकतो. या सगळ्या संस्थांसाठी तो कर भरतो. ज्यांची परिस्थिती वाईट आहे त्यांनी तिथे जावं. अनेकजण तिथे जाण्यापेक्षा मरण पत्करतील, असं वर्गणीवाले म्हणतात. त्यावर स्क्रूजचं उत्तर असं, की मग त्यांनी तेच करावं, तेवढीच फाजील लोकसंख्या कमी होईल.

हे वाचून आपण दचकतो, पण त्या काळच्या लंडनमध्ये हे बोलणं सभ्य माणसाचं होतं. १८३४ सालच्या गरीब कायद्याने घरबसल्या मदत मिळण्याची वाट जवळजवळ बंद केली होती. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये दाखल व्हा. तिथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. अन्न आणि राहणं मुद्दाम असं ठेवायचं, की कोणी हौसेने यायला नको. लोकसंख्येचा सिद्धान्त रेव्हरंड माल्थसने १७९८ सालीच मांडून ठेवला होता. स्क्रूजने पदरचं काहीच काढलेलं नाही. सुशिक्षित, करदात्या, वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाची मतं त्याने फक्त मोठ्याने बोलून दाखवली.

म्हणून हा नमुना ओळखीचा आहे. आपण टॅक्स भरतो, मग गरिबांचं बघायला सरकार आहे, हे म्हणणारे गृहस्थ कुठल्याही शहरात भेटतात. ते चांगले लोक असतात. कोणाचं बुडवत नाहीत. मोलकरणीचा पगार एक तारखेला देतात आणि तिचे खाडे डायरीत लिहून ठेवतात. त्यांना उपदेश करणं महाकठीण, कारण पापी माणसाला पाप दाखवता येतं. ज्याची पावती-पुस्तकं व्यवस्थित आहेत त्याला काय दाखवणार?

डिकन्सपुढे हाच प्रश्न होता. कारखान्यांत आणि खाणींत राबणाऱ्या मुलांच्या स्थितीवर नेमलेल्या सरकारी आयोगाचा अहवाल १८४३ साली त्याने वाचला आणि तो हादरला. गरिबाच्या मुलाच्या बाजूने इंग्लंडच्या जनतेला आवाहन करणारी एक पुस्तिका काढायची, असं त्याने ठरवलं. मग काही दिवसांत बेत बदलला. पुस्तिका काढली नाही हे आपलं भाग्य. स्क्रूजने ती वाचलीच नसती. वाचली असती तरी समासात ‘हंबग’ लिहून ठेवून दिली असती. त्याऐवजी डिकन्सने रात्री-अपरात्री लंडनचे रस्ते मैलोगणती तुडवत सहा आठवड्यांत एक गोष्ट लिहिली आणि उपदेशाचं काम पात्रांवर सोपवलं. त्यातही त्याने एक युक्ती केली. यातलं कुठलंही पात्र स्क्रूजला धर्म शिकवत नाही. प्रत्येकजण त्याच्याच भाषेत, म्हणजे जमाखर्चाच्या भाषेत बोलतो.

पहिलं येतं मार्लेचं भूत. भुताच्या कमरेला लांबलचक साखळी आहे, आणि ती जवळून बघण्यासारखी आहे. तिच्यात तिजोऱ्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या, दस्तऐवज आणि पोलादी थैल्या गुंफल्या आहेत. हे सगळं आयुष्यभर त्याने स्वतः, कडी कडी जोडून घडवलेलं आहे. अंग इतकं पारदर्शक, की पोटातून आरपार कोटाच्या मागच्या गुंड्या दिसतात. स्क्रूज घाबरतो, पण हार मानत नाही. तो आधी भुताला विचारतो, की तुला खुर्चीवर बसता येतं का? मग हे सगळं रात्रीच्या अपचनामुळे दिसत असावं, असा वैद्यकीय निष्कर्ष काढतो. भूत सांगतं, की तुझी साखळी सात वर्षांपूर्वीच माझ्याइतकी जड होती आणि त्यानंतर तू तिच्यावर बरीच मेहनत घेतली आहेस. स्क्रूजला हे कळतं. भांडवल पडून राहिलं नाही, वाढतच गेलं, हा हिशेब त्याला समजावून सांगावा लागत नाही. माणसं हाच आपला खरा धंदा होता, असं मार्ले सात वर्षं उशिरा कबूल करतो. आणि बजावतो, की तुझ्याकडे तीन आत्मे येणार आहेत, तीन रात्री. स्क्रूज लगेच घासाघीस करतो. तिघेही एकदमच नाही का येणार, म्हणजे एकदाचं उरकून टाकता येईल? मोक्षसुद्धा घाऊक भावात मिळाला तर बरा.

पहिला आत्मा भूतकाळाचा. तो स्क्रूजला त्याच्या शाळेत नेतो. सगळी मुलं सुट्टीला घरी गेलेली, एकटा स्क्रूज बाकावर बसून वाचत असतो. म्हातारा स्क्रूज त्या पोराकडे बघून रडतो आणि चटकन त्याला आठवतं, की काल संध्याकाळी दाराशी एक मुलगा नाताळचं गाणं म्हणायला आला होता आणि आपण त्याच्यावर रूळ उगारला होता. त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. पश्चात्ताप सुरू झाला तो असा, एका किरकोळ रकमेने. आभाळ फाटलं नाही, साक्षात्कार झाला नाही. जुन्या वहीत एक नोंद राहून गेलेली सापडली, एवढंच.

मग फेझीविगची पेढी. इथे स्क्रूज तरुणपणी उमेदवारी करत होता. नाताळच्या आदल्या रात्री मालक फेझीविग दुकानातलं सामान बाजूला सारतो, शेगडी पेटवतो, सारंगीवाला बोलावतो आणि नोकर, स्वयंपाकीण, शेजारच्या दुकानातलं अर्धपोटी पोरगं, सगळ्यांना नाचवतो. थंड मांस, मिन्स-पाय, बिअर. मग आत्मा एकदम साळसूदपणे म्हणतो, की या माणसाने खर्च तरी किती केला? तीन-चार पौंड. एवढ्यावर लोकांनी त्याचं कौतुक करावं? आणि स्क्रूज, आयुष्यभर काटकसरीचा वकील, उसळून मालकाची बाजू घेतो. फेझीविगच्या हातात आमचं काम हलकं किंवा जड करणं होतं. एखाद्या शब्दात, एखाद्या नजरेत. आणि हे सुख कुठल्याही रकमेत मोजता येत नाही. बोलता बोलता तो थबकतो. त्याला बॉबशी दोन शब्द बोलावेसे वाटतात. संपूर्ण पुस्तकात स्क्रूजला कोणी वादात हरवत नाही. इथे तो स्वतःच स्वतःविरुद्ध साक्ष देतो, आणि आत्म्याने त्याला फक्त रक्कम विचारलेली असते.

तिथून बेल. तिने स्क्रूजशी ठरलेलं लग्न मोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. तुझ्या मनात माझी जागा सोन्याच्या मूर्तीने घेतली आहे, असं सांगून तिने त्याला शब्दातून मोकळं केलं. हुंडा न आणणाऱ्या मुलीला आज तू निवडलं असतंस का, एवढा एकच प्रश्न तिने विचारला. स्क्रूज नाही म्हणाला नाही. हो मात्र त्याला म्हणता आलं नाही.

दुसरा आत्मा वर्तमानाचा. हिरवा झगा, उघडी छाती, हसरा राक्षस. तो स्क्रूजला कॅम्डन टाउनमधल्या क्रॅचिटांच्या चार खोल्यांच्या घरात नेतो. वाटेत एक मजा होते. त्या काळी गरिबांच्या घरी भट्टी नसे. सणाला हंस भाजायचा तर तो बेकरीवाल्याकडे न्यायचा, कारण रविवारी आणि नाताळला पाव भाजायची बंदी असल्याने त्याच्या भट्ट्या मोकळ्या असत. धर्मनिष्ठ मंडळी संसदेत रविवारी सगळंच बंद करू पाहत होती. स्क्रूज आत्म्याला विचारतो, की तुमच्या नावाने या लोकांचं सातव्या दिवसाचं जेवण का बंद करता? आत्मा सांगतो, की आमच्या नावावर बरेच लोक बरंच काही करतात, ते त्यांच्या खात्यावर टाकायचं. कर्जाची नोंद योग्य खात्यावर! स्क्रूजला हा मुद्दा ताबडतोब पटतो.

आणि मग ते जेवण. मिसेस क्रॅचिट दोनदा उलटून शिवलेल्या झग्यावर सहा पेनीच्या रिबिनी लावून तयार झाल्या आहेत. पुडिंग मागच्या अंगणात कपडे धुण्याच्या तांब्याच्या हंड्यात उकळतंय, आणि भिंतीवरून चढून कोणी ते पळवलं तर काय, या विचाराने सगळं घर घाबरलं आहे. हंस बटाटे आणि सफरचंदाच्या चटणीच्या जिवावर सर्वांना पुरतो. ताटात हाडाचा एक कण उरला म्हणून मिसेस क्रॅचिट समाधानाने सांगतात, की बघा, सगळं संपलंसुद्धा नाही. एवढ्या मोठ्या घराला पुडिंग लहान आहे, हे सगळ्यांना दिसतं आणि कोणीही बोलत नाही. बोलणं त्या घरात लाजिरवाणं मानलं गेलं असतं. प्यायला काचेची भांडी म्हणजे दोन पेले आणि कान तुटलेला एक कप. थोरल्या पीटरला आठवड्याला साडेपाच शिलिंगची नोकरी मिळण्याची शक्यता आहे, आणि धाकटी भावंडं पीटर आता व्यापारी होणार म्हणून हसून लोळतात.

या घरात बॉब सगळ्यात भला आहे, आणि सगळ्यात खरी आहे त्याची बायको. बॉब मोठ्या मनाने मालकाच्या नावाने पेला उचलतो. मिसेस क्रॅचिट भडकतात. तो माणूस इथे आला तर त्याला मी चांगलं सुनावीन, आणि त्याचं पोट भरेल असं सुनावीन. शेवटी नवऱ्यासाठी आणि सणासाठी त्या पितात, पण काढा प्यावा तशा. डिकन्सने सगळ्या क्रॅचिटांना साधू केलं असतं तर स्क्रूज सहज सुटला असता. गरीब क्षमाशील असतात, असं म्हणून तो पुन्हा वही उघडून बसला असता. मिसेस क्रॅचिटांच्या रागाने ती वाट बंद झाली.

टायनी टिम, धाकटा, पायात लोखंडी चौकट, हातात कुबडी. त्याच्याकडून डिकन्सने फारसं काही बोलून घेतलेलं नाही. मुलगा जगेल का, एवढंच स्क्रूज विचारतो. त्यावर आत्मा स्क्रूजचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारतो, तेच फाजील लोकसंख्येचं. काल संध्याकाळी ते आकडेवारीबद्दल होतं. आज ते एका खुर्चीबद्दल आणि एका कुबडीबद्दल आहे. नंतर आत्म्याच्या झग्याखालून दोन मुलं निघतात, अज्ञान आणि दैन्य, खंगलेली आणि हिंस्र. ही डिकन्सच्या कल्पनेतून आली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने लंडनच्या फील्ड लेनमधली फाटक्या मुलांची शाळा पाहिली होती. स्क्रूज विचारतो, की यांना कुठे आसरा नाही का? आत्मा पुन्हा त्याचंच वाक्य त्याला परत देतो: तुरुंग नाहीत का, वर्कहाऊस नाहीत का?

आपलं बोलणं आपल्याला व्याजासकट परत मिळणं, ही शिक्षा फक्त हिशेबी माणसालाच पुरी कळते.

तिसरा आत्मा भविष्याचा. काळी कफनी, एक हात, आणि बोलणं काहीच नाही. त्याची गरजही नाही. तो स्क्रूजला फक्त एक मृत्यू दाखवतो आणि त्या मृत्यूभोवतीचा व्यवहार. एक्स्चेंजमध्ये व्यापारी बोलत उभे आहेत. अंत्यविधी अगदी स्वस्तात उरकणार, कोणी जाणार नाही, आणि जेवण असेल तर मी येतो, असं एकजण जाहीर करतो. पुढे म्हाताऱ्या जोचं भंगाराचं दुकान. घरकामाची बाई, धोबीण आणि अंत्यविधीवाल्याचा माणूस, तिघेही आपापली गाठोडी घेऊन एकाच वेळी येऊन धडकतात. चमचे, बूट, बटणं, चादरी. घरकामाच्या बाईने मेलेल्याच्या अंगावरचा चांगला सदराही उतरवून आणला आहे. पुरायला साधं कापड पुरे, असं तिचं म्हणणं. पलंगाचे पडदे तर ती कड्यांसकट उपटून आणते, आणि तो माणूस अजून त्याच पलंगावर होता. म्हातारा जो भिंतीवर खडूने प्रत्येकाच्या रकमा लिहितो आणि बेरीज करतो. बाई म्हणते, की जगताना तो माणसासारखा वागला असता, तर मरताना जवळ कोणी असतं. तिच्या बोलण्यात सूड नाही. ती स्क्रूजच्याच नियमाने वागली आहे: जे फुकट पडलंय ते सोडायचं नाही. मेलेला माणूस अर्थातच स्क्रूज.

हा नमुना सुधारतो, आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती त्याच्या सुधारण्याची. तिन्ही रात्री एकाच रात्रीत उरकल्या होत्या. नाताळच्या सकाळी जाग आल्यावर स्क्रूज सगळ्यात आधी काय तपासतो? पलंगाचे पडदे. जागेवर आहेत, कड्यांसकट. मगच तो आनंदाने नाचायला लागतो. खिडकीतून एका पोराला ओरडून सांगतो, की कोपऱ्यावरच्या दुकानातली ती बक्षीसपात्र टर्की घेऊन ये, एक शिलिंग देईन. पाच मिनिटांच्या आत आणलीस तर अर्धा क्राऊन. उदारपणा आला, पण जलद सेवेसाठी जादा दर ठरवण्याची सवय गेली नाही. टर्की क्रॅचिटांकडे पाठवतो, तीही गाडीने, आणि पाठवणाऱ्याचं नाव गुप्त. रस्त्यात कालच्या वर्गणीवाल्यांपैकी एकजण भेटतो. स्क्रूज त्याच्या कानात एक आकडा सांगतो, इतका मोठा की तो गृहस्थ गांगरतो. स्क्रूज त्याला समजावतो, की यात बरीच जुनी थकबाकी धरलेली आहे. एका रात्रीत माणूस बदलला, पण मागील बाकी पुढे ओढायला विसरला नाही. भाच्याच्या दारापुढून डझनभर फेऱ्या मारल्यावर त्याला दार वाजवायची हिंमत होते.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम लवकर पेढीत जाऊन बसतो. बॉब येतो तो साडेअठरा मिनिटं उशिरा. हा आकडा पुस्तकात आहे. सुधारलेला स्क्रूजही घड्याळ बघूनच बसला होता. तो जुना आवाज काढून बॉबला झापतो, बॉबला कापरं भरतं, आणि मग स्क्रूज पगार वाढवतो आणि आधी कोळशाचा नवा डबा आणायला लावतो. नैतिक कथेत साक्षात्कार झालेला माणूस सहसा हिमालयात जातो. स्क्रूज पेढीतच राहतो. धंदा चालू ठेवतो. त्याने हिशेब सोडला नाही. हिशेबात इतक्या वर्षांत ज्यांची नावं घेतली नव्हती त्यांची खाती उघडली. टायनी टिम जगला, हे वाक्यही डिकन्सने आधी लिहिलं नव्हतं. हस्तलिखितात ते नाही; पुस्तक छापताना आत घातलं. लेखकालाही एक बाकी राहिलेली नंतर आठवली असावी.

फ्रेंच नाटककार मोलिएरने कंजूष रंगवला आणि आचार्य अत्र्यांनी त्यालाच ‘कवडीचुंबक’ नाटकातून मराठी रंगभूमीवर आणला. तो शेवटपर्यंत कंजूषच राहतो, मुलांपेक्षा पेटीवर जीव टाकतो, आणि आपण हसून घरी येतो. तो आपण नाही, याची आपल्याला खात्री असते. स्क्रूज बदलतो, म्हणून त्रास देतो. तो बदलू शकतो तर इतरांना सबब उरत नाही.

डिकन्सला हा स्क्रूज सापडला त्याचं कारण त्याच्या स्वतःच्या जमाखर्चात आहे. बाप जॉन डिकन्स खर्चिक आणि दिलदार. बेकरीवाल्याच्या ४० पौंड १० शिलिंगच्या उधारीपायी १८२४ साली मार्शल्सी तुरुंगात गेला. बारा वर्षांचा चार्ल्स बूट-पॉलिशच्या कारखान्यात आठवड्याला ६ शिलिंगवर बरण्यांना लेबलं चिकटवायला लागला. घरचा खुला हात आणि त्याचे परिणाम, दोन्ही त्याने जवळून पाहिले. मोठा झाल्यावर प्रकाशकांशी पैशासाठी भांडताना तो अजिबात क्रॅचिट नव्हता. ‘कॅरोल’ही अडचणीतच लिहिलं गेलं, त्या वेळी चालू असलेल्या कादंबरीचा खप पडला होता आणि घरात पाचवं मूल यायचं होतं. पुस्तक १९ डिसेंबरला बाहेर पडलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ६,००० प्रती संपल्या. पण रंगीत चित्रं, सोनेरी कडा यांच्या हौसेपायी, १,००० पौंडांची आशा धरलेल्या डिकन्सच्या हाती पहिल्या आवृत्तीचे जेमतेम २३० आले. पुढच्या महिन्यात चोरून छापणाऱ्यांवर त्याने खटला भरला, जिंकला, आणि ते दिवाळखोर निघाल्याने खटल्याचे ७०० पौंड स्वतःच भरले. किंमत ५ शिलिंग होती, म्हणजे बॉब क्रॅचिटच्या आठवड्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना ते परवडणारं नव्हतं. ज्यांना उद्देशून लिहिलं त्यांनाच परवडत होतं. कडक स्वभावाचा लेखक टॉमस कार्लाइल, त्यालासुद्धा ते वाचल्यावर पाहुणचाराचा झटका आला आणि त्याने लोकांना जेवायला बोलावण्याचा हट्ट धरला, असं त्याच्या बायकोने पत्रात लिहून ठेवलं आहे.

स्क्रूजने टर्कीसाठी आणि वर्गणीसाठी नेमके किती पौंड मोजले, ते डिकन्सने सांगितलेलं नाही. फेझीविगचा खर्च मात्र स्पष्ट सांगितला आहे: तीन-चार पौंड. ज्यांची सगळी देणी चुकती झाली आहेत, त्यांनी आपला हिशेब त्या रकमेपासून तपासायला घ्यावा.